दहा बाय चौदाचा हॉल, बारा इंची सबवूफर आणि खालच्या मजल्यावरच्या काकू: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्यातील एका सात मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर घडले. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. खोलीची मापे मात्र होती तशीच ठेवली आहेत, कारण या साऱ्या प्रकरणाचे मूळ त्या मापांतच आहे.

घर वन बीएचके. राहणारी माणसे चार: बँकेत नोकरी करणारे गृहस्थ, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नी, नववीतली मुलगी आणि गृहस्थांच्या आई. या आईंना घरातच काय, इमारतीतही सगळे आजीच म्हणतात. आजींना ऐकायला कमी येते. टीव्हीवरची मालिका लागली की त्यांची एकच तक्रार असे: बोललेले कळत नाही, आणि आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत अंगावर धावून येते. गृहस्थांना सिनेमाची मनापासून आवड. त्यांनी दिवाळीच्या सेलमध्ये एका खरेदीत दोन्ही गरजा भागवायच्या ठरवल्या आणि ५.१ चा पूर्ण संच मागवला. त्यात सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा एक रिसीव्हर, पुढचे दोन लहान बुकशेल्फ स्पीकर, संवादांसाठी मधला एक सेंटर, मागचे दोन सराउंड आणि फक्त खर्ज वाजवणारा एक १२ इंची, पोर्ट (हवा जाण्या-येण्याचे भोक) असलेला सबवूफर होता. सबवूफरचे खोके दारातून आत घेताना लिफ्टपासून हॉलपर्यंत दोन माणसे लागली, एवढे सांगितले तरी त्याच्या आकाराची कल्पना यावी.

मी शनिवार-रविवारी अशा घरांत मोजमापाचा माईक आणि लॅपटॉप घेऊन जातो. या घरी मी पोहोचलो तेव्हा संच बसवून तीन महिने झाले होते, सराउंड अजून खोक्यातच होते, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींकडे खालच्या मजल्यावरून दोन वेळा तोंडी तक्रार गेलेली होती.

खोली

हॉल १४ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच. एका आखूड भिंतीला गॅलरीचे सरकते दार व त्यावर जाड पडदा. समोरच्या आखूड भिंतीला सोफ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात मुख्य दरवाजा आणि त्याच्या शेजारी चपलांचे कपाट. आतल्या खोल्यांकडे जाणारा बोळ मुख्य दरवाजाच्या टोकाला, टीव्हीच्या भिंतीतून निघतो. त्यामुळे टीव्ही आखूड भिंतीला लावण्याचा प्रश्नच नव्हता. तो एका लांब भिंतीच्या मधोमध, बुटक्या युनिटवर ठेवलेला होता आणि समोरच्या लांब भिंतीला अगदी टेकून तीन जणांचा सोफा होता. सोफ्याच्या गॅलरीकडच्या टोकाला आजींची जागा ठरलेली.

सबवूफर टीव्हीच्या भिंतीच्या गॅलरीकडच्या कोपऱ्यात, पडद्याआड लपवलेला होता. ही जागा निवडण्याचे कारण ध्वनीशी संबंधित नव्हते. गृहस्थांच्या पत्नींची अट होती की ते काळे खोके येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडू नये, आणि ती अट मला रास्तच वाटते. १४० चौरस फुटांच्या हॉलमध्ये सण, पाहुणे, अभ्यास आणि रात्रीची अंथरुणे सगळे सामावायचे असते.

समस्या

प्रत्येकाची तक्रार वेगळी होती, आणि सुरुवातीला त्या तक्रारी एकमेकींना खोट्या पाडतात असेच वाटत होते. गृहस्थ सोफ्याच्या मधल्या जागी बसत. त्यांचे म्हणणे, सबवूफर एवढा मोठा असून स्फोटाच्या प्रसंगात दम वाटत नाही, म्हणून त्यांनी त्याचा आवाज चढवत नेला होता. आजी टोकाला बसत. त्यांच्या छातीत धडधडे आणि संवाद पूर्वीइतकेच अस्पष्ट राहिले होते. पत्नींना टीव्ही बंद असतानाही कोपऱ्यातून येणारी बारीक गुणगुण छळत होती. खालच्या काकू तर सांगत, ‘आमच्याकडे गाणं नाही ऐकू येत, बोलणं नाही ऐकू येत, नुसता कुणीतरी उखळात कांडतंय असं वाटतं.’

या चौघांचेही बरोबर होते.

रिकाम्या पिंपात तोंड घालून निरनिराळ्या पट्टीत ‘हं’ म्हटले, तर एका ठरावीक पट्टीला पिंप स्वतःच घुमू लागते. खोलीचेही तसेच असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी बसली की तो सूर खोलीत साठतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला आणि त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागले की ही वारंवारता मिळते. या हॉलच्या १४ फूट लांबीसाठी ती ४० हर्ट्झ (सेकंदाला ४० कंपने) येते, १० फूट रुंदीसाठी ५७ आणि साडेनऊ फूट उंचीसाठी ६०. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने ५७ आणि ६० हे दोन सूर एकमेकांवर चढून बसतात, आणि सिनेमातील ढोल, धक्के व गडगडाट यांचा मोठा भाग नेमका याच पट्ट्यात असतो.

घुमणारा सूर खोलीत सगळीकडे सारखा ऐकू येत नाही. भिंतीलगत तो सर्वांत जोरात असतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा होतो. गृहस्थ खोलीच्या लांबीच्या नेमक्या मध्यावर बसत होते, म्हणून ४० हर्ट्झचा खोल, पोटात जाणवणारा खर्ज त्यांच्या जागी पोहोचतच नव्हता. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असल्याने ५७ चा घुमारा मात्र सगळ्यांच्याच कानांवर आदळत होता. आजी लांबीच्या मध्यापासून दूर, गॅलरीच्या बाजूला असल्याने त्यांच्या वाट्याला ४० आणि ५७ दोन्ही येत. गृहस्थ आपल्या जागी जे नाही ते मिळवण्यासाठी आवाज वाढवत आणि तो सगळा आजींच्या अंगावर जाई. त्यात सबवूफर कोपऱ्यात. कोपरा म्हणजे दोन भिंती आणि जमीन यांचा संगम, म्हणून तिथे ठेवलेले खोके खोलीतले तिन्ही सूर पुरेपूर जागे करते.

खालच्या मजल्याचा उलगडा मला थोडा उशिराच झाला. इमारतीत एकावर एक रचलेले फ्लॅट एकाच आराखड्याचे असतात, म्हणजे काकूंचा हॉलही तेवढाच लांब, रुंद आणि उंच. वरचा हॉल ज्या सुरांना घुमतो, त्याच सुरांना खालचाही घुमणार. स्लॅबमधून गाळून जे थोडेफार खाली झिरपते, त्यातले नेमके हेच सूर खालची खोली पुन्हा उचलून धरते. काकूंचा दिवाण बरोबर त्या कोपऱ्याखाली होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पत्नींनीच सुचवला: सगळे विकून एक साउंडबार घ्यावा. मी त्याला विरोध केला नाही. नवीन खरेदीचा प्रश्न असता आणि मला आधी विचारले असते, तर आजींच्या संवादांसाठी स्वतंत्र मधला चॅनेल असलेल्या चांगल्या साउंडबारचा विचार मी नक्की केला असता. पण वस्तू परत करण्याची मुदत कधीच उलटून गेली होती आणि जुन्या संचाला मिळणारी किंमत ऐकून गृहस्थांचा चेहरा उतरला.

दुसरा पर्याय होता सबवूफर बदलून लहान, बंद पेटीचा घेण्याचा. पोर्ट असलेली पेटी तिच्या ठरावीक वारंवारतेपर्यंत भरपूर खर्ज देते आणि त्याखाली झपाट्याने कोसळते. बंद पेटीचा आवाज आधीपासून हळूहळू उतरत जातो, पण लहान खोलीत सर्वांत खालच्या सुराच्याही खाली खोली स्वतःच आवाजाला थोडी साथ देते, त्यामुळे हा उतार बराचसा भरून निघतो. अशा हॉलसाठी ८ किंवा १० इंची बंद पेटी अधिक समंजस ठरते, यात मला शंका नाही. तरीही पेटी बदलून खोलीची मापे बदलत नाहीत. नवी पेटी त्याच कोपऱ्यात गेली असती, तर तोच ५७ चा घुमारा जरा कमी जोरात ऐकू आला असता.

तिसरा पर्याय भिंतींवर काही लावण्याचा. गृहस्थांनी काळ्या स्पंजाच्या टोकदार लाद्या पाहून ठेवल्या होत्या. अशा दोन-तीन इंची लाद्या वरच्या पट्टीतला टाळ्यांसारखा खणखणाट शोषतात. ५७ हर्ट्झची तरंगलांबी सहा मीटर भरते, तिच्यापुढे त्या लाद्यांचा काही पाड लागत नाही. खर्ज शोषायचा तर दगडी लोकरीचे फूटभर जाडीचे खांब कोपऱ्यांत उभारावे लागतील. दहा फुटी हॉलमध्ये ते कोण उभारू देणार? हा पर्याय पाच मिनिटांत मिटला.

चौथा पर्याय म्हणजे आहे तेच सामान योग्य जागी हलवायचे, रिसीव्हरची मांडणी दुरुस्त करायची आणि खालच्या मजल्याशी बोलायचे. यात खर्च जवळजवळ नव्हता, पण घरातल्या वस्तूंच्या ठरलेल्या जागा मोडायच्या होत्या. माझ्या अनुभवाने हेच अधिक कठीण असते. बऱ्याच चर्चेनंतर हाच पर्याय आधी करून पाहायचे ठरले आणि तो फसला तर पेटी बदलायची, असा करार झाला.

चॅनेल किती ठेवायचे, हा प्रश्नही याच वेळी निघाला. दोन स्पीकर आणि सबवूफर एवढेच ठेवले असते, तर मधोमध बसणाऱ्याला संवाद टीव्हीतूनच आल्यासारखे वाटले असते. टोकाला बसणाऱ्याला मात्र ते जवळच्या स्पीकरमधून येतात आणि त्याच स्पीकरमधल्या संगीतात बुडतात. आजी टोकाला बसतात म्हणून सेंटर हवाच, असा निर्णय झाला. सराउंडविषयी मी साशंक होतो. स्पीकरच्या मांडणीची आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) शिफारस सांगते की ५.१ मध्ये मागचे स्पीकर श्रोत्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर असावेत. सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर एवढे मागे जायला जागाच उरत नाही.

केलेली कार्यवाही

पहिला शोध गुणगुणीचा घेतला, कारण तो सर्वांत सोपा होता. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. उपकरणे दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडली गेली की त्या वाटांमधून फिरणारा क्षीण प्रवाह सबवूफरमध्ये गुणगुण होऊन ऐकू येतो. एकेक तार काढत गेलो. केबल टीव्हीची गोल तार सेट-टॉप बॉक्सच्या पाठीतून फिरवून काढताक्षणी कोपरा गप्प झाला. त्या तारेत एक लहान आयसोलेटर (जमिनीची ती दुसरी वाट तोडणारा जोड) बसवल्यावर काम संपले. इथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. या आधी आलेल्या इलेक्ट्रिशियनने सबवूफरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन मोडून टाका, असा सल्ला दिला होता. त्याने गुणगुण कदाचित थांबलीही असती, पण पेटीत बिघाड झाल्यावर तिच्या धातूच्या भागात वीज उतरली, तर माणसाला वाचवणारी तीच एक वाट असते. गृहस्थांनी तो सल्ला मानला नाही, हे बरे झाले.

नंतर सबवूफरची जागा. यासाठी एक जुनी, जराशी हास्यास्पद वाटणारी युक्ती आहे. सबवूफर श्रोत्याच्या जागी ठेवायचा, त्यातून खर्जाचा आवाज सोडायचा आणि तो जिथे जिथे ठेवता येईल अशा जागी जाऊन, कान जमिनीजवळ नेऊन ऐकायचे. ऐकणारा आणि वाजवणारा यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो. आम्ही दोघांनी ती पेटी उचलून सोफ्यावर, मधल्या जागी बसवली. आजींनी बघून विचारले, ‘काय रे, पूजा मांडताय का त्याची?’ गृहस्थ लुंगी सावरत हॉलभर रांगत होते आणि मी लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड या मोफत प्रणालीत कोणत्या वारंवारतेला किती आवाज येतो हे दाखवणाऱ्या माईकच्या रेघा पाहत होतो. टीव्हीच्या कोपऱ्यात ५७ च्या आसपास डोंगर उभा राहिला. सोफ्याशेजारी तो थोडा बसका झाला, पण पेटी कानाजवळ येत असल्याने आवाज कुठून येतो हे कळू लागले. मुख्य दरवाजाच्या भिंतीशी, चपलांच्या कपाटापाशी रेघ एकदम सपाट व्हायला लागली.

याचे कारण गणितातच होते. ते कपाट टीव्हीच्या भिंतीपासून सुमारे पाच फुटांवर, म्हणजे खोलीच्या रुंदीच्या जवळपास मध्यावर होते. रुंदीचा ५७ हर्ट्झचा सूर त्या जागी नाहीसा होतो, आणि जिथे तो ऐकू येत नाही तिथून तो जागाही करता येत नाही. उंचीचा ६० चा सूर उरला, कारण पेटी जमिनीवरच राहणार होती. मात्र दोन सुरांऐवजी एकच उरल्याने तो रिसीव्हरच्या सुधारणेने आवरता येण्याजोगा झाला.

चपलांच्या कपाटावर दोन दिवस वाद झाला. दाराबाहेर कपाट ठेवायला सोसायटीची मनाई. शेवटी जुने कपाट काढून भिंतीला लागून सात-आठ इंच खोलीचे, पुढे कलणाऱ्या खणांचे कपाट घेतले आणि ते बोळाच्या तोंडाशी बसवले. या प्रकरणातला सर्वांत मोठा खर्च हाच. सबवूफरवर पत्नींनी खणाचे कापड टाकले. पोर्ट मागच्या बाजूला असल्याने भिंतीपासून वीतभर अंतर सोडायला सांगितले आणि पाठीवरचे ॲम्प्लिफायरचे पंखे झाकू नयेत, अशी विनंती केली.

सोफा भिंतीपासून आठ इंच पुढे घेतला आणि टीव्हीच्या युनिटसह गॅलरीकडे दीड फूट सरकवला. आठ इंचांनी फार फरक पडत नाही, हे मान्य. दीड फुटाने मात्र पडला. मधली जागा लांबीच्या बरोबर मध्यावरून हलताच ४० हर्ट्झचा खड्डा भरू लागला. पुन्हा एकदा तोच प्रसंग लावल्यावर गृहस्थांनी स्वतः होऊन सबवूफरचा आवाज कमी केला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच!

सेंटर स्पीकर युनिटच्या खालच्या खणात, फुटभर उंचीवर, आत खोल ढकलून ठेवला होता. तिथून तो आजींच्या गुडघ्यांशी बोलत होता आणि खणाच्या पेटीमुळे त्याचा आवाज घोगरा येत होता. तो खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढला आणि दाराला लावतात तो रबरी पाचर त्याच्या पुढच्या बाजूखाली सरकवला, म्हणजे त्याचे तोंड वर, कानांच्या दिशेने झाले. रिसीव्हरमध्ये सेंटरची पातळी दोन डेसिबलने वाढवली. या दहा रुपयांच्या पाचरेने आजींचा प्रश्न जितका सुटला, तितका बाकी कशानेही सुटला नाही.

रिसीव्हरची स्वयंचलित जुळवणी, म्हणजे माईकने ऐकून प्रत्येक स्पीकरची पातळी आणि अंतर आपोआप ठरवणे, गृहस्थांनी पूर्वी केलेली होती, पण पंखा चालू ठेवून आणि माईक सोफ्याच्या उशीवर ठेवून. ती पुन्हा केली. पंखा बंद, माईक तिपाईवर कानांच्या उंचीला, सगळी माणसे हॉलबाहेर. दोन चुका याच वेळी उघड झाल्या. रिसीव्हरने पुढचे स्पीकर ‘लार्ज’ ठरवून त्यांच्या पाच इंची पडद्यांवरही खोल खर्जाचा भार टाकला होता. ते ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे वळवला. दुसरी चूक प्रामाणिकपणातून झालेली होती. पूर्वीच्या जुळवणीत रिसीव्हरने सबवूफर सोळा फुटांवर असल्याचे दाखवले होते. गृहस्थांनी फीत लावली, अंतर अकरा फूट भरले, म्हणून त्यांनी आकडा दुरुस्त केला. वास्तविक तो आकडा अंतर सांगतच नाही. सबवूफरमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला आवाज बाहेर काढायला जो क्षणभर उशीर लागतो, तोही रिसीव्हर फुटांत मोजून त्यात मिळवतो. दुरुस्तीमुळे सबवूफर आणि पुढचे स्पीकर ८० हर्ट्झच्या आसपास एकमेकांचा आवाज खोडू लागले होते.

सराउंड शेवटी लावले ते मागच्याच भिंतीवर, सोफ्याच्या दोन्ही टोकांच्या थोडे बाहेर, जमिनीपासून पावणेसहा फुटांवर. त्यांची तोंडे श्रोत्यांकडे न ठेवता एकमेकांकडे वळवली, म्हणजे कानाशी कुणी कुजबुजल्यासारखा आवाज येत नाही. आजींची एक अट होती: एक स्पीकर देव्हाऱ्याच्या वर येत होता, तो खाली घ्यायचा. ‘देवाच्या डोक्यावर ढॅणढॅण नको.’ तो खाली न घेता दीड फूट बाजूला घेतला, त्यामुळे डावे-उजवे अंतर असमान झाले आणि रिसीव्हरने जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडून ते सांभाळून घेतले. तारा केसिंग पट्टीतून, दाराच्या चौकटीवरून फिरवल्या.

सर्वांत शेवटी खडखडाट. ५७ हर्ट्झचा सलग सूर लावून एकेक वस्तूवर हात ठेवत गेलो. शोकेसच्या सरकत्या काचा अपेक्षितच होत्या, त्यांच्या खाचेत लोकरीच्या पट्ट्या घातल्या. पण एक किणकिण काही केल्या सापडेना. मुलीने ती शोधली: देव्हाऱ्याजवळच्या पितळी समईचा मधला पेच सैल होता.

खालच्या मजल्याशी बोलणी

इथला निर्णय तांत्रिक नव्हता आणि तो लांबला. तक्रार आल्यावर गृहस्थांनी मोबाइलवर आवाज मोजणारे ॲप घेऊन सेक्रेटरींना आकडा दाखवला होता. दाराबाहेर ४५ डेसिबलच्याही खाली! ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. कागदावर गृहस्थ निर्दोष होते. पण हे आकडे ‘ए’ भारित मोजणीचे असतात. ती मोजणी मानवी कानाच्या कलाने खालच्या वारंवारता वजा करत जाते, आणि ५० हर्ट्झला ही वजावट तब्बल ३० डेसिबलची असते. म्हणजे काकूंच्या छातीत जे धडधडत होते, त्याचा बहुतांश भाग त्या आकड्यात धरलेलाच नव्हता. हे समजावल्यावर गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले.

त्यांनी आधी सबवूफरखाली जिममध्ये असते तशी जाड रबरी लादी घातली होती. तिच्यामुळे स्वतःच्या फरशीचा थरथराट कमी झाला, पण खर्जाचा मोठा भाग हवेतूनच स्लॅब आणि भिंतींवर आदळतो, त्याला ती लादी काय करणार? मी सुचवले की काकूंच्या घरी जाऊन ऐकावे. एका रविवारी दुपारी पत्नी खाली काकूंच्या दिवाणावर फोन घेऊन बसल्या, मी वर रिसीव्हरपाशी. सिनेमातला तोच एक प्रसंग पुन्हा पुन्हा लावून आवाज पायरीपायरीने चढवत नेला.

‘काकू, आता?’
‘आता नाही काही.’
‘आता?’
‘आता भिंतीला हात लावला की कळतंय. पण चालेल हो, दिवसा चालेल.’

त्या पायरीचा आकडा रिसीव्हरच्या कमाल मर्यादेत घालून टाकला, म्हणजे उत्साहाच्या भरातही कुणाला त्यापुढे जाता येणार नाही. रात्री साडेनऊनंतर सबवूफर चार डेसिबल खाली आणि नाइट मोड चालू, दहानंतर सबवूफर बंद, हे ठरले. नाइट मोडमध्ये मोठे आवाज दाबले जातात आणि हळू आवाज उचलले जातात. आजींना तो इतका आवडला की आता तो दुपारीही चालू असतो, आणि गृहस्थ तो हळूच बंद करत असतात.

निष्पत्ती

चार महिन्यांनी मी पुन्हा गेलो. खालून तक्रार आलेली नव्हती. एका शनिवारी साडेदहाला सबवूफर बंद करायचा राहिला, तेव्हा काकूंनी सेक्रेटरींना न सांगता थेट वर फोन केला. माझ्या मते या प्रकरणातला हाच मोठा बदल. आजी आता मालिका पूर्वीपेक्षा कमी आवाजात पाहतात. मोजणीत ६० हर्ट्झचा थोडा उंचवटा अजून दिसतो आणि सोफ्याच्या गॅलरीकडच्या टोकाला खर्ज मधल्या जागेपेक्षा जास्तच आहे. आजींनी जागा बदलावी असे सुचवून पाहिले, ते कुणी ऐकले नाही. गृहस्थांनी पोर्टमध्ये स्पंजाचा बोळा घालून पेटी जवळजवळ बंद पेटीसारखी केली आणि जुळवणी पुन्हा चालवली. त्यांना तो आवाज अधिक आखीव वाटतो. मला फरक थोडाच जाणवला, पण रोज ऐकणारे ते आहेत.

वेगळे काय करता आले असते

खरेदीआधी फीत घेऊन हॉलचे तीन आकडे कागदावर मांडले असते, तर ५७ आणि ६० एकमेकांना चिकटलेले त्याच दिवशी दिसले असते आणि १२ इंची पोर्टवाल्या पेटीऐवजी १० इंची बंद पेटी घरात आली असती. तिला जुने चपलांचे कपाट थोडे सरकवूनही जागा मिळाली असती. सराउंड घेण्याची घाई नव्हती. त्या पैशांत दुसरा लहान सबवूफर घेऊन तो समोरच्या आखूड भिंतीला मध्यावर ठेवला असता, तर दोन समोरासमोरच्या पेट्यांनी ४० हर्ट्झचा सूर परस्परच खोडला असता आणि सगळ्या जागांवर खर्ज बराच सारखा झाला असता. या घरात मात्र ती जागा म्हणजे गॅलरीच्या दाराची वाट. तिथे पेटी ठेवली तर कपडे वाळत घालायला जायचे कुठून, हा पत्नींचा प्रश्न आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

माझ्याकडूनही एक चूक झाली. मी पहिल्या भेटीत पूर्ण दिवस वरच्याच हॉलमध्ये घालवला आणि काकूंकडे तिसऱ्या भेटीत गेलो. पहिल्याच दिवशी अर्धा तास त्यांच्या दिवाणावर बसलो असतो, तर वरचा कोपरा हा मुळातच पेटीची जागा नव्हे, हे माईक बाहेर काढायच्या आधी कळले असते. आता अशा घरी गेलो की मी आधी खालच्या मजल्यावरची बेल वाजवतो.